लाल झेंडा वर असताना

आमची कंपनी प्रकाशाला पोचली ती जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला. दुसरं महायुद्ध चालू होतं. आमचं काम नदीवर दोर टाकायचं, तराफे बांधायचे आणि माणसं-सामान पलीकडे न्यायचं. ब्रह्मदेशाकडे निघायचा हुकूम येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कधी येणार ते कोणालाच नाही. तिकडे नद्या फार, म्हणून आधी तापीवर सहा दिवसांचा सराव ठेवला होता. नदीच्या वरच्या अंगाला, देवळांपासून थोडं लांब, आमचे तंबू पडले. दुपारी दोनला लंगर, म्हणजे पलटणीचा भटारखाना, सुरू झालं आणि चारला पहिली परेड झाली.

मी लान्स नाईक भटू पाटील, राहणार म्हसावद. म्हसावद तिथून जवळच, त्यामुळे नोकरीत पहिल्यांदाच मला घराच्या वाऱ्यावर आल्यासारखं वाटत होतं. कंपनीत बहुतेक माणसं मद्रासकडची आणि पंजाबातली. सुभेदार साहेब पंजाबी, कंपनी कमांडर इंग्रज कॅप्टन. अहिराणी समजणारे आम्ही दोघेच होतो. एक मी आणि दुसरा शिपाई योहान गावीत.

योहान खांडबाऱ्याच्या पुढच्या डोंगरातला. घरी त्यांची बोली वेगळी, पण बाजारहाट करून त्याला अहिराणी चांगली येत होती. कुटुंब ख्रिस्ती, थोडी शेती, बाकी मजुरी. बाप नव्हता. घरी आई एकटी. त्यांचं घर स्टेशनच्या वाटेवर होतं आणि बाजाराच्या दिवशी ती ओट्यावर पाण्याचा माठ भरून ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायची. योहान ही गोष्ट इतक्यांदा सांगायचा की आम्ही त्याला चिडवायचो, "तुझ्या आईनं सरकारी पाणपोई घेतली काय रे?" तो हसायचा. वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मला भटूदादा म्हणायचा. कंपनीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता.

हे सगळं मी आता म्हातारपणी लिहितोय त्याला कारण आहे. कुठे अपघात झाला, कोणी विहिरीत पडलं, की लोक म्हणतात, माणसं नुसती बघत उभी राहिली, कोणाला माणुसकी म्हणून उरली नाही. माझ्या घरीही परवा हीच चर्चा झाली. मी उठून बाहेर गेलो. मला त्या वेळी काय आठवतं ते घरच्यांना माहीत नाही.

मंगळवारी सकाळी नऊला नदीवरचा सराव सुरू झाला. अलीकडच्या काठावर एक खुंटा, पलीकडच्या काठावर एक खुंटा, मध्ये जाड दोर. सराव चालू असेपर्यंत घाटाजवळ काठीवर लाल झेंडा वर चढवलेला असायचा. दोराला धरून माणसं पार व्हायची, ताडपत्रीत बांधलेल्या रायफली तरंगत न्यायची. दिवसातून एकदा बुडणाऱ्या माणसाची ड्रिल असायची. एकाने मध्ये जाऊन हातपाय झाडायचे, ओरडायचं, गटांगळ्या खायच्या. बचाव तुकडीने दोर फेकून त्याला बाहेर काढायचं. बुडायचं काम अर्थात योहानकडे आलं, कारण पोहता येणाऱ्यालाच नीट बुडता येतं.

घाटावर माणसं कायमच असायची. स्नानाला आलेली, दहाव्याला आलेली, धुणं धुणाऱ्या बाया. पलटण आली म्हटल्यावर गावातली आणखी वीसपंचवीस माणसं पायऱ्यांवर येऊन बसली. योहान मध्ये गेला आणि ओरडला, "वाचवा! वाचवा!" त्याचा आवाज पाण्यावरून घाटावर आपटला. बचाव तुकडीच्या नाईकने दोर हातात घेतला तोवर घाटावरून तीन माणसं पाण्यात पडलेली होती.

पहिला हिरामण भोई. नावेवरचा माणूस, पन्नाशीचा, अंगाने काटकुळा. दोन मोठे वाळलेले भोपळे दोरीने बांधून केलेली सांगड त्याच्या छातीखाली होती. दुसरा झिपरू नावाचा शेतकरी, तो बैल धुवायला आला होता, बैल तसेच सोडून धावला. तिसरा बाहेरगावचा, बापाच्या दहाव्याला आलेला. डोक्याचं मुंडण नुकतंच झालेलं, विधी अर्धवट टाकून तो ओल्या धोतरानिशी नदीत शिरला. योहानला काही कळायच्या आत तिघांनी त्याला गाठलं. मुंडणवाल्याने त्याचे केस धरले, झिपरूने काखेत हात घातला आणि हिरामणने त्याला भोपळ्यांवर पालथा टाकला. या गडबडीत योहान खरंच पाणी प्यायला. बचाव तुकडीचा दोर सांगडीत गुंतला. सगळी ड्रिल विसकटली.

आम्ही काठावर पोट धरधरून हसलो. मीही हसलो. योहान खोकत खोकत हसत होता. फक्त कॅप्टन साहेब हसले नाहीत. त्यांनी मला बोलावलं.

"इन को बोलो, लाल झंडा ऊपर है तो पानी में नहीं आना. बस."

एवढाच हुकूम होता. मी घाटाच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. अंगावर वर्दी, दंडावर फीत, खाली माझ्याच मुलखाची माणसं मान वर करून बघताहेत. मला चेव चढला. जिभेला हाड नसतं म्हणतात, त्या दिवशी माझ्या जिभेचं तसंच झालं.

"ऐका रे सम्दा! वर लाल झेंडा शे तवलोंग पानीमा कोनी उतरानं नही. कोनी आरडो, कोनी बुडो, कोनी मरो! जो उतरी त्याले बेड्या घालीसन तुरुंगमा लई जासूत."

कोणी बुडो, कोणी मरो, हे साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. तुरुंगाचंही नाही. ते माझ्या पदरचं.

हिरामण उभा होता, अंगावरून पाणी निथळत होतं. तो म्हणाला, "भाऊ, तो बुडी ऱ्हायंता. मी काय नुस्ता पाहत बसू?"

"हां. नुस्ता पाहत बस," मी म्हणालो. "आनि हाई भोपळा वर निंबले बांधी ठेव."

त्याने सांगड उचलली आणि घाटाच्या वर असलेल्या निंबाला बांधली. झिपरू बैल शोधायला गेला. तिसरा माणूस खाली मान घालून परत आपल्या भटजीकडे गेला. मागे आमची माणसं अजून हसत होती.

बुधवारी तीच ड्रिल झाली. योहान ओरडला. घाटावर कोणी हललं नाही. दोनचार माणसांनी झेंड्याकडे पाहिलं. दोर नीट पडला, तीन मिनिटांत योहान बाहेर. साहेब खूश. गुरुवारपर्यंत लोकांना त्याची गंमत वाटायला लागली होती. बाया धुणं थांबवून बघायच्या, योहान वर आला की पोरं 'बुडनारा दादा' म्हणून ओरडायची आणि तोही कपाळाला हात लावून त्यांना सलाम करायचा. माझ्या मनाला बरं वाटलं, की गाव शिस्तीत आलं.

शुक्रवारी सराव साडेअकराला संपला. माणसं, रायफली, ताडपत्र्या सगळं अलीकडे आलं. फक्त योहान पलीकडे होता. पलीकडच्या खुंट्याचा दोर सोडायचा आणि दोराचं टोक घेऊन पोहत परत यायचं, हे शेवटचं काम त्याचं. सुभेदार साहेबांनी कंपनीला चहासाठी सोडलं. मला हुकूम दिला, "पाटील, आखरी आदमी बाहर आने तक झंडे के पास रहो. कुछ हुआ तो सीटी."

"जी साहब."

झेंड्याजवळचा माणूस झेंड्याजवळच हवा, एवढी साधी गोष्ट. काठावर आणखी एकच माणूस होता, पहाऱ्याचा संत्री मुत्तू, रचून ठेवलेल्या रायफलींवर. तो झेंड्यापासून साठएक पावलांवर.

त्याच वेळी देवळाच्या मागे घुंगुरं वाजली. माझा थोरला भाऊ म्हसावदहून गाडी घेऊन आला होता. घरच्या दादर ज्वारीचा हुरडा भाजून, फडक्यात बांधून, सोबत लसणाची चटणी. दोन वर्षांत मी हुरडा खाल्लेला नव्हता. मी हात वर करून योहानला खूण केली. तो पलीकडे दोर सोडत होता. त्याने गाडी पाहिली, काय आलं ते ओळखलं आणि दोन्ही तळवे तोंडाशी धरून ओरडला, "भटूदादा, मन्हाकरता ठेव रे!"

मी म्हटलं, दहा मिनिटांत येतोच आहे हा. शिट्टी गळ्यात होती. झेंडा तसाच वर ठेवून मी देवळाच्या भिंतीमागे गेलो.

भावाने घरची खुशाली सांगितली. गाय व्यायली, काकाचा गुडघा दुखतो, असलं सगळं. मी खात होतो आणि ऐकत होतो. योहानसाठी दोन मुठी हुरडा मी वर्दीच्या खिशात भरला. एकदा नदीकडून ओरडण्याचा आवाज आला. मी ऐकला. चार दिवस तोच आवाज ऐकत होतो, त्यामुळे कानाला काही वेगळं वाटलं नाही. हे मी आज लिहितोय, तेव्हा बोललो नव्हतो. घाटावरच्या माणसांना जे वाटलं तेच मलाही वाटलं.

मग मुत्तूची हाक आली. "गार्ड! गार्ड!" संत्री उगाच ओरडत नाही. मी धावलो.

घाट भरलेला होता. चाळीसेक माणसं पायऱ्यांवर बसून नदीकडे बघत होती. एक बाई तोंडाला पदर लावून शेजारणीला म्हणाली, "कसं बेस सोंग करस, बाई!" हिरामण भोई गुडघाभर पाण्यात उभा होता, हात रिकामे. तो नदीकडे बघायचा आणि मान वळवून झेंड्याकडे बघायचा. पाणी सपाट होतं. दोराचं टोक मधोमध तरंगत होतं आणि योहान कुठेच नव्हता.

मी शिट्टी फुंकली आणि बुटांसकट पाण्यात शिरलो. हिरामणच्या शेजारून जाताना त्याने माझा दंड धरला.

"भाऊ, हाई खरं शे का?"

माझं तोंड पाहूनच त्याला कळलं. त्याने जी आरोळी ठोकली ती आजही माझ्या कानात आहे. आणि मग अख्खा घाट पाण्यात आला. म्हातारे आले, पोहता न येणारेसुद्धा कमरेपर्यंत आले. झिपरू वरून सांगड घेऊन धावत आला, निंबाची गाठ सुटेना म्हणून त्याने दोरी विळ्याने कापली होती. लंगरकडून आमची माणसं पोचली तेव्हा नदीत गावची पंधरावीस माणसं बुड्या मारत होती.

हिरामणला तो तिसऱ्या बुडीला सापडला. दोराचा वेढा डाव्या घोट्याला पडला होता आणि दोर खालच्या खडकाच्या कपारीत अडकला होता. आम्ही त्याला पालथं घातलं, पोट दाबलं, पाठ दाबली. कंपाउंडर आला. बारा वाजून वीस मिनिटांनी कंपाउंडरने नकारार्थी मान हलवली.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते. मी उठलो आणि घाटावरच्या माणसांना शिव्या दिल्या. "माणसं शेतस का जनावरं? डोळासमोर पोऱ्या बुडना आनि तुम्ही पाहत बसनात?" मी थुंकलो. ती माणसं भिजलेली, थंडीने कुडकुडत उभी होती. त्यांच्यातल्या एकानेही मला उलटून विचारलं नाही. मघाची बाई पायरीवर कपाळ आपटून रडत होती.

शनिवारी सकाळी दहाला कमांडरच्या तंबूत चौकशी झाली. टेबलामागे कॅप्टन साहेब, बाजूला सुभेदार साहेब, लिहायला कारकून. साक्षीदार एकेक आत यायचा. गाववाल्यांचं बोलणं हिंदुस्तानीत सांगायला दुभाषी मी.

आधी मुत्तू आला. त्याने दिसलं ते सांगितलं. ओरडणं ऐकलं, आधी ड्रिल वाटली, मग माणूस वर येईना म्हणून हाक मारली. साहेबांनी विचारलं, तू स्वतः का नाही गेलास? तो म्हणाला, हत्यारं सोडायचा हुकूम नाही. साहेब म्हणाले, ठीक केलंस. कारकुनाने लिहून घेतलं, संत्रीने ड्यूटी चोख बजावली.

मग हिरामण आला. हात जोडून उभा राहिला. साहेबांनी मला विचारायला सांगितलं, हा पोहणारा माणूस, नदीवर जन्म गेलेला, मग हा पाण्यात का उतरला नाही?

हिरामण माझ्याकडे न बघता साहेबांकडे बघून बोलला. "साहेब, लाल झेंडा वर व्हता. या भाऊनी सांगेल व्हतं, कोनी बुडो, कोनी मरो, पानीमा उतरानं नही. मन्हा भोपळा बी वर बांधी ठेवाले लावात. माले वाटनं हाई आज खरं दिसस. मी भाऊले धुंडी ऱ्हायंतू. इचारतू त्याले. पन भाऊ झेंडाजोडे नव्हता."

साहेब माझ्याकडे बघत होते, कारकुनाची लेखणी कागदावर थांबलेली. संत्रीने हुकूम पाळला म्हणून त्याला शाबासकी मिळाली होती. हिरामणनेही हुकूमच पाळला होता, माझा. ते मला सांगायचं होतं. आणि तो मला विचारायला शोधत होता तेव्हा झेंड्याजवळ मी नव्हतो, तेही सांगायचं होतं. कोर्ट मार्शल, फीत जाणार, गावात तोंड कसं दाखवू, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. कंपनीत माझं खोटं पकडू शकेल असा एकच माणूस होता आणि तो शेजारच्या तंबूत कांबळ्याखाली होता.

मी म्हणालो, "साहब, बोलता है, डर गया."

साहेबांनी मान हलवली. कारकुनाने लिहिलं. काठावरच्या लोकांनी मदत केली नाही, असा शेरा पडला. मला विचारलं, तू कुठे होतास? मी म्हणालो, झेंड्यापाशी होतो, पण उजेड डोळ्यांवर येत होता. तेही लिहिलं गेलं; मुत्तू साक्ष देऊन गेला होता, त्याला हे कोणी विचारलंच नाही.

हिरामण माझ्याकडे बघून बाहेर गेला. त्याला हिंदुस्तानी येत नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो.

त्याच दुपारी योहानला त्याच्या गावी न्यायचं ठरलं. आमची लॉरी नदीच्या दक्षिण काठावर होती. पेटी नावेतून पलीकडे न्यायला लागली. नाव हिरामणने चालवली. मी पेटीशेजारी बसलो होतो. पलीकडे पोचल्यावर त्याने पेटीच्या लाकडाला हात लावून तो कपाळाला लावला.

नंदुरबारहून रेल्वेने खांडबारा. तिथून बैलगाडीने दीड कोस. रविवारी दुपारी योहानला त्यांच्या रिवाजाप्रमाणे मातीत ठेवलं. आई लहानखुरी बाई होती. रडताना तिचा आवाज येत नव्हता. सगळे पांगल्यावर तिने मला ओट्यावर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि बाजारच्या अहिराणीत विचारलं, "काठवर कोनीच नव्हतं का, दादा?"

माझ्या खिशात तो हुरडा तसाच होता, ओला होऊन लगदा झालेला. मला तिथे खरं बोलता आलं असतं. तिथे साहेब नव्हते, कारकून नव्हता.

"व्हतात," मी म्हणालो. "पाहत बसनात."

तिने ओट्यावरच्या माठाकडे पाहिलं.

पुढे आम्ही ब्रह्मदेशात गेलो. तिकडचं सांगायला बसलो तर वेगळं पुस्तक होईल. आमच्या कंपनीचे बरेच जण तिकडे राहिले. मुत्तूही राहिला. मी जगलो. नद्या ओलांडताना दर वेळी शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत मी काठ सोडला नाही. माणसं म्हणायची, पाटील फार चोख आहे. मला ते ऐकवत नसे.

लढाई संपल्यावर डिस्चार्ज घेऊन परत आलो. नंदुरबारला उतरलो आणि म्हसावदला जाण्यासाठी प्रकाशाच्या नावेवर आलो. दुपारचे तीन वाजले होते. नाव अलीकडच्या, नंदुरबारच्या बाजूच्या काठाला लागलेली, हिरामण त्यात बसून वल्ह्याची दोरी आवळत होता. फार वाळला होता. मला त्याने ओळखलं, पण नुसती मान हलवली.

एवढ्यात पलीकडच्या घाटाखाली पोहणाऱ्या तीनचार तरण्या पोरांतला एक ओरडला, "बुडनू रे! वाचाडा!" बाकीचे हसत होते, ते इतक्या लांबूनही दिसत होतं. हिरामणने दोरी टाकली, भोपळ्यांची सांगड छातीखाली घेतली आणि पाण्यात उडी मारली. त्याने निम्मी नदी कापली तोवर पोरं टाळ्या पिटत पायऱ्यांवर पळाली. तो तसाच परत आला. धापा टाकत काठाला धरून उभा राहिला. नावेत बसलेला एक उतारू मला म्हणाला, रोजचंच आहे हे. म्हातारा खुळा आहे, कोणीही ओरडलं की उडी मारतो. पोरांना खेळ झालाय.

मी खाली वाकून त्याला हात दिला. "तुले ठाऊक व्हतं ना, त्या गंमत करी ऱ्हायनात?"

"ठाऊक व्हतं."

"मंग?"

"शंभर दाव खोटं ऱ्हास, भाऊ," तो म्हणाला. "एखाद दाव खरं ऱ्हायनं तं?"

मला हुंदका आवरला नाही. उतारू बघत होते, बघू दिलं. मी हिरामणला चौकशीत काय केलं ते सांगितलं. तू एवढं बोललास आणि मी साहेबांना सांगितलं की तू घाबरलास. सगळं सांगितलं, हुरडासुद्धा.

तो अंग पुसत होता. "माले तव्हयच समजनं व्हतं," तो म्हणाला. "मन्ही बात केवढी मोठी व्हती. तुम्ही चार शब्दमा उरकी टाकी."

"मंग बोलना काबर नही?"

"कोनले बोलतू? साहेबले सांगनारा तं तुम्हीच व्हतात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्याने योहानच्या आईबद्दल विचारलं, "त्यानी मायले काय सांगं?" मी सांगितलं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "तिले तरी खरं सांगाले पायजे व्हतं." आणि त्याने वल्हं हातात घेतलं, पण नाव सोडली नाही. मी खाली उतरून आल्या वाटेने नंदुरबारला परत फिरेपर्यंत तो तसाच बसला होता. म्हसावदला मी दोन दिवस उशिरा पोचलो.

योहानची आई ओट्यावर डाळ पाखडत होती. तिथे माठाची लाकडी घडवंची होती, माठ नव्हता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि उभ्या आयुष्यात दिला नाही असा सरळ रिपोर्ट दिला. हुकूम काय होता, मी त्यात काय घातलं, मी कुठे होतो, हिरामण काय बोलला, मी काय सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं होतं. तिने मला मारलं असतं तर मी मान पुढे केली असती.

तिने रिकाम्या घडवंचीकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन वरीस मी कोनले पानी नही दिधं."



"तू ना सांगता तं त्या उनाच व्हतात?" तिने विचारलं. तू सांगितलं नसतंस तर ती माणसं धावली असती ना, एवढंच तिला हवं होतं.

"उनात व्हतात, माय," मी म्हणालो. "पहिला दिवस तीन जन उनात. झेंडा नव्हता तव्हय. तो खरंच बुडी ऱ्हायना असं समजीसन."

"मन्हा पोऱ्याकरता?"

"हां. त्याना करताच. एक जन बापना दहावा टाकीसन उना."

ती सरळ होऊन बसली. "नावं सांग."

मी सांगितली. हिरामण भोई. झिपरू. तिसऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, गावात मी नंतरही विचारलं, दहाव्याला आलेला माणूस, कोण लक्षात ठेवतं. तिने मला ती नावं तीनदा म्हणायला लावली आणि माझ्यामागून स्वतः म्हटली. तिसऱ्याला ती 'मुंडाएल भाऊ' म्हणाली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. मी दर हुरड्याच्या दिवसांत जायचो. योहानच्या मातीवर एक मूठ हुरडा ठेवायचा, मग तिच्या ओट्यावर बसायचं. पहिल्या वर्षी गेलो तेव्हा घडवंचीवर नवा माठ होता. संध्याकाळी ती दिवा लावून प्रार्थना करायची, त्यात आधी योहानचं नाव, मग हिरामण भोई, मग झिपरू, मग मुंडाएल भाऊ. बाहेर बसून मला ऐकू यायचं. शेवटी आणखी एक नाव ती अगदी हळू, ओठातल्या ओठात घ्यायची. ते कोणाचं, हे मी तिला कधी विचारलं नाही.